मोटारसायकलच्या काचेचे गणित

हैदराबादहून नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर किंवा पंढरपूरकडे मोटारसायकलने जाणारी आपल्या समाजातली तरुण मंडळी आता पुष्कळ दिसतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे जिल्हे हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात गेले, तरी आपल्यापैकी अनेक घरांची शेती, कुलदैवत आणि आजोळ तिकडेच राहिले. त्यामुळे या वाटा आपल्याला नव्या नाहीत. नवे आहे ते वाहन. शिक्षण संपवून नोकरीला लागलेली मुले-मुली लांब पल्ल्याची मोटारसायकल घेतात आणि दोन-तीन महिन्यांतच तिच्यासाठी बाजारातून एक उंच काच आणतात. ही काच कशी निवडावी असे आम्हाला विद्यार्थी विचारतात आणि ती बसवू द्यावी की नाही असे पालक विचारतात. दोन्ही प्रश्नांचे उत्तर नववी-दहावीच्या गणितात आणि विज्ञानात सापडते, म्हणून हा अभ्यासलेख.

प्रथम शब्दाविषयी. दुकानदार तिला विंडशिल्ड म्हणतात, काहीजण वायझर म्हणतात. आम्ही सोयीसाठी काच म्हणत आहोत, पण ती खरी काच नसते, पारदर्शक प्लास्टिकचा वाकवलेला पत्रा असतो. ही वस्तू आपल्या शहराला अपरिचित नाही. बजाज, लॅम्ब्रेटा, विजय सुपर आणि आपल्या हैदराबाद ऑलविनची पुष्पक या स्कूटरी रस्त्यावर होत्या त्या काळात हँडलला मोठी पारदर्शक काच बसवण्याची पद्धत होती. आजोबांना विचारा, आठवण निघेल. त्या स्कूटरी बहुधा चाळीस-पन्नासच्या वेगाने चालत, म्हणून त्या काचेचे गुणदोष फारसे जाणवत नसत. वेग वाढला की गणित बदलते.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. गिअरची मोटारसायकल चालवण्याचा परवाना वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. २०१९ सालच्या कायदा-दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवल्यास पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. तेव्हा शाळेतल्या वाचकांनी हा लेख गणित म्हणून वाचावा. घरात किल्ली मागण्यासाठी त्याचा दाखला देऊ नये.

आता वाऱ्याचा जोर किती असतो ते पाहू. चालत्या गाडीवर समोरून येणाऱ्या हवेचा दाब = ½ × हवेची घनता × वेगाचा वर्ग. हैदराबाद समुद्रसपाटीपासून सुमारे ५४० मीटर उंचीवर आहे आणि इथली हवा उष्ण, त्यामुळे घनता दर घनमीटरला सुमारे १.१ किलोग्रॅम धरू. वेग ताशी ६० कि.मी. म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. दाब येतो सुमारे १५३ पास्कल. ताशी ८० ला तो २७२ होतो आणि ताशी १०० ला ४२४. ताठ बसलेल्या चालकाच्या छाती, खांदे आणि डोक्याचा आकार हिशेबात घेऊन परिणामी क्षेत्रफळ ०.३ चौरस मीटर मानले, तर ६० च्या वेगाला वारा त्याला पाऊणेपाच किलो वजनाइतक्या जोराने मागे ढकलतो, ८० ला सव्वाआठ किलो आणि १०० ला तेरा किलो. (केंद्र सरकारच्या २०१८ सालच्या अधिसूचनेप्रमाणे चौपदरी रस्त्यावरही मोटारसायकलची कमाल मर्यादा ८० आहे. शंभरचा आकडा केवळ तुलनेसाठी दिला आहे.) वेग ६० वरून ८० झाला म्हणजे एक-तृतीयांशाने वाढला, पण जोर जवळजवळ पावणेदोन पट झाला. हे सव्वाआठ किलो चालक आपल्या दंडांनी आणि मानेने पेलत असतो. हैदराबाद ते सोलापूर सुमारे तीनशे किलोमीटर. उतरल्यावर खांदे का भरून येतात याचे उत्तर इथे आहे.

म्हणजे काच हवी, हे मान्य. छातीवरचा वारा तिने अडवला की प्रवासाचा निम्मा शीण जातो, आणि त्यासाठी फार उंच काच लागत नाही. अडचण पुढे सुरू होते.

अडवलेला वारा नाहीसा होत नाही. तो काचेच्या वरच्या काठावरून आणि दोन्ही बाजूंनी निसटून मागे येतो. पावसाळ्यात ओढ्याच्या मध्यावर एखादा मोठा दगड असतो तो पाहा. दगडाच्या दोन्ही बाजूंनी पाणी जोरात पण सरळ जाते, अगदी मागे पाणी संथ असते, आणि या दोहोंच्या सीमेवर भोवरे फिरत असतात. काचेमागे हवेचे हेच होते. वर स्वच्छ, वेगवान वारा, खाली संथ हवा, आणि मध्ये भोवऱ्यांचा पट्टा. चालकाचे हेल्मेट या तीनपैकी कुठे आहे यावर सगळे अवलंबून आहे. डोके पूर्ण वरच्या स्वच्छ वाऱ्यात असेल तर वारा लागतो, पण एकसारखा लागतो. काचेच्या काठाने वारा डोक्यावरून उडवला तर हेल्मेट शांत राहते. परंतु डोके भोवऱ्यांच्या पट्ट्यात सापडले तर हेल्मेटला सेकंदाला अनेक वेळा धक्के बसतात, मान हलते, समोरचा रस्ता थरथरल्यासारखा दिसतो आणि आवाज असह्य होतो.

यातून एक गोष्ट निघते ती दुकानात कुणी सांगत नाही. मूळच्या छोट्या काचेवर चालकाचे डोके स्वच्छ वाऱ्यात असते. तिच्याजागी थोडी उंच काच बसवली की अनेकदा तेच डोके नेमके भोवऱ्यात येते. पैसे खर्च करून त्रास वाढतो. मग चालकाला वाटते की अजून उंच घ्यायला हवी होती, आणि तो तिसरी काच शोधू लागतो.

आवाजाचा मुद्दा पालकांनी विशेष लक्षपूर्वक वाचावा, कारण हेल्मेटमुळे कान झाकले जातात व सुरक्षित राहतात अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. हेल्मेट डोके वाचवते. वाऱ्याच्या आवाजापासून कान वाचवणे हे त्याचे काम नाही, कारण हा आवाज हेल्मेटवर आणि त्याच्या खालच्या कडेशी, मानेजवळच तयार होतो. निरनिराळ्या देशांत झालेल्या मोजमापांत महामार्गाच्या वेगाला हेल्मेटच्या आत ९० डेसिबलच्या वर आणि ताशी १०० च्या आसपास सुमारे १०० डेसिबल आवाज आढळला आहे. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने कामगारांसाठी शिफारस केलेली मर्यादा अशी: ८५ डेसिबल आवाजात दिवसाला आठ तास, आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास, १०० ला पंधरा मिनिटे. आता सोलापूरच्या पाच-सहा तासांच्या प्रवासाचा हिशेब विद्यार्थ्यांनीच करावा.

आतल्या कानातील शंखाकृती भागात ध्वनी टिपणाऱ्या सूक्ष्म केशपेशी असतात. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. प्रवासानंतर कानात शिट्टी वाजत राहणे ही त्या पेशी थकल्याची खूण आहे. दोन दिवसांत शिट्टी थांबते, म्हणून माणूस विसरतो. वर्षानुवर्षे असे झाले की प्रथम वरच्या पट्टीतले आवाज जातात. 'स', 'श', 'फ' ही अक्षरे अस्पष्ट होतात आणि घरचे लोक पुटपुटतात असे वाटू लागते. म्हणून काच कोणतीही असो, लांबच्या प्रवासात औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे कानबोळे घालावेत असा आमचा स्पष्ट आग्रह आहे. त्याने हॉर्न ऐकू येणार नाही ही भीती अनाठायी आहे. बोळे वाऱ्याचा गोंगाट आणि हॉर्न दोन्ही सारखेच खाली आणतात, त्यामुळे हॉर्न त्यातून वेगळा ओळखू येतो. गाणी ऐकण्याचे इअरफोन हा याला पर्याय नाही. गोंगाटावर मात करण्यासाठी त्यांचा आवाज आणखी वाढवला जातो.

आता उंचीचे गणित. पुतलीबावलीत किंवा राणीगंजला काच मागितली की दुकानदार सर्वांत उंच काच पुढे करतो आणि म्हणतो, "बिल्कुल हवा नै लगती साब." त्याचे म्हणणे खोटे नाही. पण तेवढ्या उंच काचेतून आरपार बघून गाडी चालवावी लागते. दिवसा, कोरड्या हवेत आणि नव्या काचेतून ते जमते. संध्याकाळी पाऊस सुरू झाला, काचेवर चिलटे आणि चिखल बसला, समोरून ट्रकचे दिवे आले की त्या काचेवरच्या प्रत्येक थेंबात आणि प्रत्येक चऱ्यात एकेक दिवा पेटतो. मोटारीच्या काचेला वायपर असतो, इथे नाही. शिवाय हेल्मेटची स्वतःची काच असतेच. म्हणजे दोन ओल्या पडद्यांतून रस्ता बघायचा. म्हणून पहिला नियम: रस्ता काचेच्या काठावरून दिसला पाहिजे, काचेतून नव्हे.

किती वरून? इथे समरूप त्रिकोण कामाला येतात. चालक बसलेला असताना त्याच्या डोळ्याची जमिनीपासून उंची १५० से.मी. आहे आणि काचेचा काठ डोळ्यापासून आडव्या अंतराने ६० से.मी. पुढे आहे असे समजा. काठाची उंची १४४ असेल, तर डोळा आणि काठ यांतला फरक ६ से.मी. नजरेची रेषा दर ६० से.मी.ला ६ से.मी. खाली उतरते, म्हणून १५० से.मी. उतरायला तिला १५०० से.मी. म्हणजे १५ मीटर लागतात. चालकाला १५ मीटरच्या पुढचा सगळा रस्ता काठावरून स्वच्छ दिसेल, आणि त्याच्या अलीकडचा काचेतून. आता काठ फक्त तीन से.मी.ने वर, म्हणजे १४७ वर न्या. फरक ३ से.मी. उरतो आणि रेषा ३० मीटरवर जमिनीला भेटते. आणखी एक से.मी. वर नेला तर ४५ मीटरवर. १५० ला पोचलात की रेषा जमिनीला भेटतच नाही, रस्ता पूर्ण काचेमागे जातो.

तीन सेंटिमीटर म्हणजे दोन बोटांची रुंदी. तेवढ्याने स्वच्छ रस्त्याची सुरुवात १५ मीटरने दूर गेली. ६० च्या वेगाला गाडी एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर जाते. पावसात भरलेला खड्डा नजरेने शेवटपर्यंत धरून ठेवता येतो की काचेमागे हरवतो, हे या दोन बोटांवर ठरते.

डोळ्याखाली सहा से.मी. म्हणजे साधारण नाकाचा शेंडा. जाणते चालक 'काठ नाकासमोर' असे म्हणतात ते याच कारणाने, आणि काठ बाहेर वळवलेला असला तर तेवढ्या उंचीची काच वारा हेल्मेटच्या वरून उडवायलाही बहुतेक वेळा पुरते. म्हणून आमच्या मते दोनच निवडी शहाणपणाच्या आहेत. एक, छातीपुरती लहान काच, हेल्मेट स्वच्छ वाऱ्यात. दुसरी, काठ नाकाच्या रेषेत असलेली. यांच्या मधल्या, हनुवटीखाली-गळ्यापाशी संपणाऱ्या काचेत भोवऱ्यांची शक्यता जास्त, आणि डोळ्यांच्या वर जाणारी काच आपल्या रस्त्यांवर नकोच.

अर्थात हे माप माणसाचे आहे, गाडीचे नाही. 'या मॉडेलला हीच काच बसते' हे वाक्य अपुरे आहे. ती कंसात बसेल, पण कुणाच्या नाकापर्यंत येईल? १७८ से.मी. उंचीचे वडील आणि १६० से.मी. उंचीची मुलगी एकच गाडी चालवत असतील, तर बसल्यावर त्यांच्या डोळ्यांच्या उंचीत साधारण ९ से.मी.चा फरक पडतो. (उभ्या उंचीच्या फरकापैकी निम्मा पायात जातो.) वडिलांच्या नाकाला जुळवलेली काच मुलीच्या डोळ्यांच्या वर जाईल. जिथे गाडी घरात दोघांची आहे तिथे वर-खाली सरकवता येणारी काच घ्यावी, नाहीतर बुटक्या चालकाचे माप प्रमाण मानावे. उंच माणसाला वारा लागेल, पण रस्ता दोघांनाही दिसेल.

मोजताना गाडी सरळ उभी हवी, स्टँडवर नको. चालकाने नेहमीचे हेल्मेट आणि बूट घालून, नेहमीच्या पद्धतीने बसावे. मागे बसणारी व्यक्ती आणि सामान रोजचे असेल तर तेही लादावे, कारण वजनाने मागचे चाक दबते, चालकाचा डोळा खाली येतो आणि काच तुलनेने वर जाते. दुसऱ्याने टेपने डोळा, नाक आणि काठ यांची उंची लिहून घ्यावी. विकत घेण्यापूर्वी खोक्याच्या पुठ्ठ्याची काच कापून मूळ काचेवर चिकटवून बघता येते. त्याला खर्च काही नाही. अर्थात पुठ्ठा लावून गाडी चालवायची नाही.

साहित्याबद्दल थोडक्यात. अॅक्रिलिक कठीण आणि स्वच्छ असते, ऊन चांगले सोसते, पण आघाताने तडकते आणि तुकडे धारदार होतात. पॉलिकार्बोनेट, ज्याच्या हेल्मेटच्या काचा करतात, ते वाकते पण सहसा फुटत नाही. मात्र वरून कठीण थर दिलेला नसेल तर लवकर चरे पडतात आणि उन्हाने पिवळे होते. आमची पसंती थर दिलेल्या पॉलिकार्बोनेटला. काळी किंवा रंगीत काच दिसायला छान, पण अंधारात तिच्यामागचे काही दिसत नाही. गाडीच्या कंपनीची काच मिळत असेल तर आधी ती पाहावी. रॉयल एनफिल्ड आपल्या अनेक गाड्यांसाठी लांब पल्ल्याच्या काचा स्वतः विकते आणि बजाजने डॉमिनार ४०० ला २०२१ सालापासून उंच काच कारखान्यातूनच दिली. इटलीच्या जीवी आणि स्पेनच्या पुइग यांच्या काचा चांगल्या असतात, पण महाग पडतात.

बसवताना दोन ठिकाणी धरलेल्या काचेपेक्षा चार ठिकाणी धरलेली बरी. शक्यतो ती हँडलवर न बसवता दिव्याच्या चौकटीला किंवा गाडीच्या सांगाड्याला बसवावी. हँडलवरची मोठी काच वाऱ्याचा जोर थेट हँडलला देते, आणि उमरगा-नळदुर्गच्या मोकळ्या माळावर आडवा वारा सुटला किंवा समोरून मालट्रक गेला की गाडी डुलू लागते. स्क्रूखाली रबराचे वायसर हवेत आणि ते दात-ओठ खाऊन आवळू नयेत, तडा नेहमी भोकापासून सुरू होतो. नंतर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहावे, कुठलीही केबल किंवा ब्रेकची नळी ओढली जाता कामा नये. पुढची नंबरप्लेट आणि दिवा झाकला जाऊ नये. काचेच्या खालच्या बाजूला दोन-तीन बोटे फट असेल तर ती बुजवू नका. तिथून थोडी हवा आत येते, काचेमागची पोकळी भरते आणि भोवरे सौम्य होतात. अनेकजण पावसाचे पाणी येते म्हणून फट बंद करतात आणि मग हेल्मेट का हलते ते त्यांना कळत नाही.

प्रत्यक्ष चाचणी पहाटे, मोकळ्या रस्त्यावर, ६० च्या वेगाला करावी. (आउटर रिंग रोडच्या मुख्य मार्गावर दुचाकींना बंदी आहे, तिथे जाऊ नये.) पायांवर किंचित भार देऊन चार-पाच से.मी. वर उठावे. आवाज एकदम कमी झाला तर हेल्मेट भोवऱ्यातून स्वच्छ वाऱ्यात गेले, काच खाली आणावी. उलट थोडे वाकल्यावर शांत वाटले तर काच काठाला थोडी वर किंवा तिरपी करून पाहावी, मात्र नाकाची रेषा ओलांडू नये.

ऋतूचाही विचार हवा. डिसेंबरात आदिलाबादच्या बाजूला पहाटे जाणाऱ्याला उंच काच मायेची वाटते. तीच काच एप्रिलमध्ये पंजागुट्ट्याच्या सिग्नलवर नकोशी होते, कारण घाम वाळवणारा वारा ती अडवते. काढता-घालता येणारी काच असल्यास उन्हाळ्यात छोटी लावावी.

काच कोरड्या फडक्याने किंवा वर्तमानपत्राने कधीही पुसू नये, धूळच तिच्यावर चरे ओढते. ओले फडके दहा-पंधरा मिनिटे पसरून ठेवावे, चिकटलेले किडे भिजले की साबणाच्या पाण्याने धुवावे. पेट्रोल, ब्रेकचे तेल आणि खिडक्या पुसायचे अमोनियायुक्त द्रव पॉलिकार्बोनेटला तडे पाडतात. दिव्यांच्या उजेडात चऱ्यांचे जाळे चमकू लागले की काच बदलावी.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी उदाहरण: एका चालक ताईंच्या डोळ्याची उंची १४४ से.मी., काचेचा काठ डोळ्यापासून ५४ से.मी. पुढे आणि जमिनीपासून १३८ से.मी. उंच आहे. (अ) रस्ता काठावरून किती मीटरपासून दिसेल? (आ) काठ ३ से.मी. वर नेल्यास? (इ) ताशी ६० कि.मी. वेगाने (अ) मधील अंतर किती सेकंदांत संपेल?

उत्तरे: (अ) सुमारे १३ मी. (आ) सुमारे २६ मी. (इ) सुमारे ०.८ सेकंद.